लाइन क्लिअर

नागपूरहून नागभीडला जाणारी छोटी गाडी 1908 साली सुरू झाली आणि 2019च्या नोव्हेंबरात थांबली. इतवारीहून निघायची, कुही, उमरेड, भिवापूर करत झाडीपट्टीत शिरायची आणि नागभीडला गोंदिया-चांदा मार्गाला जाऊन मिळायची. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर, दोन रुळांमधली रुंदी अडीच फूट. लोक तिला नॅरोगेज कधी म्हणाले नाहीत. छोटी लाइन, छोटी गाडी, बस्.

नागपूरच्या रेल्वेचा इतिहास सांगायला बसलं की लोक मोठ्या लाइनीवर रमतात, आणि ते साहजिकच आहे. 1867 साली मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली, ती कापसासाठी. दहा वर्षांनी, 1 जानेवारी 1877ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथं सुरू झाली. पुढे छत्तीसगडकडे रूळ गेले, 1887 साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली आणि 1891 साली आसनसोलपर्यंतचा रस्ता पुरा झाल्यावर नागपूर एकाच वेळी मुंबईचंही झालं आणि कलकत्त्याचंही. आजची नागपूर स्टेशनची इमारत 15 जानेवारी 1925ची, मध्यप्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते उघडलेली. या एवढ्या थाटात भिवापूरच्या मिरचीच्या पोत्याला आणि झाडीतल्या धानाला जागा मिळाली ती छोट्या लाइनीमुळे. गोष्ट तिथलीच आहे.

स्टेशनचं नाव मी सांगत नाही. उमरेडच्या पलीकडची दोन-तीन गावं ही गोष्ट आपल्याच स्टेशनची म्हणून सांगतात आणि कुणालाच मागे हटावंसं वाटत नाही. स्टेशन म्हणजे तरी काय, कौलारू दोन खोल्या, पुढे पडवी, तिकिटाची एक खिडकी, बाजूला मास्तरचं क्वार्टर, थोडं दूर पॉइंट्समनच्या दोन खोल्या, विहीर आणि मोहाचं झाड. फलाट असा नव्हताच. मुरूम टाकून जमीन सारखी केलेली, डब्याची पायरीच इतकी खाली की म्हातारं माणूसही हात न धरता चढे.

लाइन एकेरी. जाणारी आणि येणारी, दोन्ही गाड्या त्याच रुळांवरून. म्हणून एका स्टेशनातून गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनला विचारायचं, रस्ता मोकळा आहे का? तिकडचा मास्तर होकार देईल तेव्हा इकडचा मास्तर ड्रायव्हरच्या हातात परवानगी देणार. तीच लाइन क्लिअर. ती हातात पडल्याशिवाय गाडीचं चाक हलायचं नाही, मग डब्यात कुणीही बसलेलं असो. विचारणं तारेवरून व्हायचं. त्याच तारेवरून रोज दुपारी चार वाजता वेळेचा इशारा यायचा आणि मास्तर भिंतीवरचं घड्याळ लावून घ्यायचा. गावातले दुकानदार मग स्टेशनच्या घड्याळावरून आपापली घड्याळं लावत. घड्याळाच्या बाबतीत गावाचा स्टेशनवर पूर्ण विश्वास होता. बाकीचा विश्वास कसा आला, ते सांगतो.

पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. मालगुजारी 1951 साली कायद्यानं गेली होती, पण मालगुजारांचा रुबाब गेला नव्हता. या गावच्या मालगुजारांना लोक अजून ‘मालक’च म्हणत. शेती मोठी, वर मिरचीचा व्यापार. आपल्या मळ्यातली आणि आसपासच्या शेतकऱ्यांकडून घेतलेली मिरची पोत्यांत भरून ते छोट्या गाडीनं इतवारीला पाठवत. गाडी मिक्स्ड होती, पुढे मालाचे डबे, मागे माणसांचे. संध्याकाळच्या गाडीनं माल गेला की रात्री इतवारीला उतरे आणि सकाळी मिरची बाजारात बोली लागे.

त्या वर्षी फाल्गुनात भाव चढला होता. मालकांना निरोप आला की उद्या सकाळी माल हजर करा, परवाचं सांगता येत नाही. मालकांनी दुपारपर्यंत बैलगाड्या स्टेशनवर आणून लावल्या. मिरचीचा खकाणा असा की पडवीत बसलेलं माणूस शिंकत होतं.

चार वाजता वेळेचा इशारा नीट आला. पाचच्या सुमारास आभाळ काळं झालं, वारा सुटला, बोराएवढ्या गारा पडल्या आणि मोहाची एक फांदी कौलांवर आली. अवकाळी पाऊस आमच्या भागाला नवा नाही, पण त्या दिवशीचा वारा वेगळा होता. तासाभरात सगळं ओसरलं. सहाला नागभीडकडून गाडी आली, मालकांची पोती चढली, लोक डब्यांत बसले. मास्तरनं उमरेडला विचारायला यंत्राला हात लावला. यंत्र मुकं. पुन्हा लावला. काहीच नाही. नागभीडकडची तार बोलत होती, उमरेडकडची कुठंतरी तुटली होती.

मास्तर पोरगेलासा होता. वर्ध्याकडचा, हे पहिलंच स्टेशन, क्वार्टरमध्ये सोबत फक्त आई. तार गेल्यावर काय करायचं हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं, केलं कधी नव्हतं. नियम सरळ होता. तारेनं विचारता येत नसेल तर माणूस पाठवून विचारायचं. इंजिन मोकळं असेल तर इंजिनानं, ट्रॉली असेल तर ट्रॉलीनं, काहीच नसेल तर पायी. माणसानं चिठ्ठी घेऊन जायचं, तिकडच्या मास्तरची सही-शिक्क्याची परवानगी घेऊन यायचं, मग गाडी सोडायची. उमरेड पाच मैल. जाऊन-येऊन दहा. मास्तरनं दोन पॉइंट्समनांतल्या वयानं मोठ्याला बोलावलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

मालक पडवीत आले. इथून पुढचं बोलणं गावात जसं सांगतात तसंच देतो.

“मास्तर, गाडी काऊन उभी ठेवून राह्यले?”

“मालक, उमरेडची तार गेली. माणूस पाठवून राह्यलो.”

“माणूस? म्हंजे अकरा वाजतीन रातचे! अन् माहा माल?”

“विचारल्याबिगर गाडी सोडता येत नाही, मालक.”

“काय विचारता त्याच्यात? समोरची गाडी ह्या टायमाले रोज उमरेडले उभी असते. आपली गाडी गेल्याबिगर ते निघत नाही. गावातल्या पोट्ट्याले मालूम हाये हे, तुमाले मालूम नाही?”

“रोज असते हे मले बी मालूम हाये. आज हाये का, हे मले मालूम नाही.”

या वाक्यावर पडवीत थोडा वेळ कुणी बोललं नाही म्हणतात. मग सगळेच बोलायला लागले. मालकांनी नागपूरच्या ओळखी काढल्या. गार्डसाहेब म्हणाले, गाडी सावकाश नेऊ, शिटी देत देत जाऊ. डब्यातल्या बाया म्हणाल्या, पोरं उपाशी आहेत. एक म्हातारा म्हणाला की त्याच्या भावाची तेरवी उद्या आहे. ड्रायव्हर तेवढा इंजिनाच्या पायरीवर विडी ओढत बसला होता. त्यानं एकदाच सांगितलं, कागद द्या, निघतो.

मास्तरनं वाद घातला नाही. त्याला घालता आलाच नसता, बोलताना त्याचा आवाज कापत होता. त्यानं चिठ्ठी पुरी केली, वेळ टाकली, सही केली, शिक्का मारला, वहीत नोंद केली. पॉइंट्समननं ती मेणकापडात गुंडाळून बंडीच्या आत ठेवली. एका हातात दिवा घेतला, दुसऱ्या हातात काठी, फटाक्यांचा डबा खांद्याला. समोरून खरंच गाडी आली तर रुळावर फटाके लावून, लाल दिवा दाखवून तिला थांबवायचं, हेही त्याचंच काम होतं. साडेसहाला तो निघाला.

ओल्या स्लीपरवरून चालणं ज्यानं केलंय त्यालाच ते कळेल. छोट्या लाइनीचे स्लीपर इतके जवळ की पाऊल धड एकावर बसत नाही, एक सोडून टाकावं तर लांब पडतं. बाजूनं चालावं तर गिट्टी सरकते. दोन्हीकडं जंगल. हाच मुलूख आता उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात मोडतो, वाघ तेव्हाही होताच. मधल्या मोऱ्यांवर पाणी खळखळत होतं. प्रत्येक मोरीवर तो थांबला, दिवा खाली धरून भराव पाहिला, मग पुढे गेला. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. लाइनीवर चालतोच आहोत तर पाहून घ्यावं, इतकंच.

इकडे मास्तरच्या आईनं चुलीवर पिठलं टाकलं आणि घरातलं ज्वारीचं पीठ संपेपर्यंत भाकरी थापल्या. पोरांना आधी दिलं. मालकांना नेऊन दिलं तर त्यांनी ताट परत केलं.

पावणेअकराला दिवा दिसला. पॉइंट्समन गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, पण मेणकापडातला कागद कोरडा. मास्तरनं दिव्याजवळ धरून वाचला. रस्ता मोकळा. मालक उठून उभे राहिले.

“समोरची गाडी कुठं होती?”

“उमरेडलेच होती, मालक. जशी रोज असते तशीच उभी.”

“म्हंजे मी म्हनो तसंच ना? मंग पाच घंटे कायले घालवले?”

मास्तर कागदावर नोंद करत होता. मान वर न करता म्हणाला, “तवा मालूम नव्हतं. आता मालूम हाये.”

गाडी गेली. वाटेत काही झालं नाही, कुठं भराव खचलेला नव्हता, पूल वाहून गेला नव्हता. अशा गोष्टींत शेवटी पूल तुटलेला निघतो, गाडी थोडक्यात वाचते आणि अडवून धरणाऱ्याचे पाय सगळे धरतात. मला ही गोष्ट मोलाची वाटते ती पुढे काहीच निघालं नाही म्हणून. पूल तुटलेला निघाला असता तर मास्तर नशिबानं बरोबर ठरला असता. तो बरोबर होता तो साडेसहा वाजताच, माणूस पाठवला त्या क्षणी. गाडीनं पुढे काय पाहिलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

मालकांचा माल पहाटे इतवारीला पोचला, उतरवून बाजारात नेईपर्यंत बोली होऊन गेली होती. पडत्या भावानं विकावा लागला. त्यांनी वरच्या साहेबांकडे तक्रार केली. मास्तरला खुलासा विचारला गेला. त्यानं दोन ओळी लिहिल्या की तार बंद होती, नियमाप्रमाणे माणूस पाठवून परवानगी मागवली. शिक्षा झाली नाही, कारण नियमात तो चुकला नव्हता. शाबासकीही आली नाही. पाच तास उशीर झाल्याची नोंद तेवढी झाली. काही महिन्यांनी त्याची गोंदियाकडे बदली झाली. ती या कारणानं की नेहमीची, हे गावाला कधी कळलं नाही. आईनं चुलीजवळची दोन भांडी शेजारणीला दिली आणि मायलेक त्याच गाडीत बसून गेले.

मालकांनी पुढचे दोन हंगाम स्टेशनकडे पाठ फिरवली. माल ट्रकनं जाऊ लागला.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी हिशेबाला बसले तर पोत्यांचा मेळ बसेना. शेतकऱ्यांना पैसे दिले त्याच्यापेक्षा बाजारात पोचलेली पोती कमी. दिवाणजी वीस वर्षांचे जुने, इमानदार माणूस. मालकांनी विचारलं, “ट्रकवर चढवताना पोती मोजली होती?” दिवाणजी म्हणाले, “मालक, एका ट्रकमंधी रोज जेवढी असतेत तेवढीच असतीन.” चोरी कुणी तरी वाटेत करत होता, पण दिवाणजींनी ती होऊ दिली होती. रोजचं आहे म्हणून आज मोजलं नाही. मालकांनी रागावून काही बोलायला तोंड उघडलं आणि बोललेच नाहीत. बराच वेळ वहीवर हात ठेवून बसून राहिले. दिवाणजींना वाटलं आता नोकरी गेली. नोकरी गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून मालक स्वतः ट्रकजवळ उभे राहून पोती मोजून घेऊ लागले, आणि दिवाणजींनाही मोजायला लावू लागले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मालकांची लेक बाळंतपणासाठी नागपूरला न्यायची होती. नववा लागलेला, डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात आणा म्हणून सांगितलेलं. मुलानं मोटार ठरवली. मोटारीनं दोन तासांत पोचू, गाडीला दुप्पट वेळ लागेल, शिवाय इतवारीहून पुन्हा टांगा. मालक म्हणाले, “गाडीनं जाईन माही पोरगी.” मुलानं विचारलं, काऊन? “रस्त्यावर मोटार हाकणारा डोळ्यानं दिसते तेवढंच पायते. त्या ठेसनातून गाडी सुटते तवा पुढचा रस्ता कोनीतरी आधी विचारून घेतला राहते.”

लेकीला घेऊन मालक स्वतः स्टेशनवर आले, दोन-अडीच वर्षांनी पहिल्यांदा. मास्तर नवा होता. पॉइंट्समन तोच, आता केस पांढरे. लेकीला खिडकीजवळ बसवून, पाठीशी उशी लावून मालक खाली उतरले आणि मास्तरच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

“लाइन क्लिअर आली का?”

नवा मास्तर म्हणाला, आली.

“तारेनं का कागदानं?”

मास्तरला हसू आलं. पॉइंट्समनला आलं नाही. तो पुढे झाला, ड्रायव्हरला द्यायची परवानगी त्याच्या हातात होती, ती त्यानं मालकांसमोर धरली. मालकांनी तिला हात लावला नाही. नुसती पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, “जाऊ दे मंग.”

त्या हंगामापासून मालकांची मिरची पुन्हा छोट्या गाडीनं जाऊ लागली.

पुढची हकीकत लवकर सांगून होते. बंगाल-नागपूर रेल्वे सरकारनं 1944 सालीच ताब्यात घेतली होती, 1955 साली ती दक्षिण पूर्व रेल्वे झाली, 2003 साली हा भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत आला. वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं. रस्ते डांबरी झाले, एसटी गावोगाव गेली, मिरचीला ट्रक बरा वाटू लागला. शेवटी छोट्या गाडीत कमी तिकिटात जाणारे मजूर, दूधवाले, शाळेची पोरं आणि वेळ असलेली म्हातारी माणसं उरली. लाइन मोठी करायची ठरली, म्हणून 2019 साली गाडी बंद झाली. मोठी लाइन व्हायलाच हवी, तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. उमरेड-भिवापूरच्या माणसाला नागपूरला यायला अर्धा दिवस लागावा यात जपण्यासारखं काही नाही.

जपण्यासारखं दुसरं आहे. नागपुरात कडबी चौकाजवळ मोतीबागेत 2002 साली छोट्या लाइनीचं रेल्वे संग्रहालय उघडलं. इंजिनं, जुने डबे, दिवे, टेलिफोन, सिग्नलची यंत्रं तिथं पाहायला मिळतात. पोरांना घेऊन अवश्य जावं. पण तिथल्या हातदिव्यासमोर उभं राहिलं तरी तो धरून रात्री दहा मैल कोण चाललं, हे दिवा सांगत नाही. कागदोपत्री उशीर राहतो, तक्रार राहते, उत्पन्न किती घटलं ते राहतं. नियम पाळल्यामुळे जे काहीच घडलं नाही, त्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. ती फक्त माणसांच्या तोंडी असते, आणि छोट्या लाइनीवर नोकरी केलेली माणसं आता थकत चालली आहेत.

तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल, मास्तर, गार्ड, पॉइंट्समन, गँगमन, नाहीतर नुसता रोज त्या गाडीनं इतवारीला येणारा दूधवाला, तर त्याच्याजवळ बसा. कुठल्या साली कुठल्या स्टेशनवर होता, रात्रपाळीत काय काय करायचा, तार गेली की कुणाला पाठवायचे, एवढं विचारा आणि तो सांगेल ते त्याच्याच बोलीत लिहून ठेवा. उमरेड, भिवापूर आणि नागभीडच्या वाचनालयांनी अशा वह्यांसाठी एक कपाट मोकळं करावं.